नववा घास

पळसाच्या पानावर रुपीबाई लापशीचे घास मांडत होत्या. अंजू चुलीपाशी तूप कढवत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या म्हाताऱ्या बोटांकडं होतं. सहा झाले. सात झाले. आठवा जरा मोठा झाला म्हणून रुपीबाईंनी त्यातली चिमूट काढून तोंडात टाकली, बोटं चाटली, आणि नववा घास वळून आठव्याच्या शेजारी ठेवला.

"फूपी," अंजू हळूच म्हणाली, "आज तरी आठच ठेवा ना."

"काहून? आज काय त्याले भूक नाई लागत?"

असं बोलणं रुपीबाईंनाच जमे. अंजूच्या सासरची, रामलाल आणि इंद्रजीत या भावांची ही आत्या ऐंशीच्या पुढं गेली होती. चाळीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या आणि इथल्याच झाल्या. आड्यांच्या घरात मेलेल्यांचं काय करायचं ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. जिवंतांचं काय करायचं तेही आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या न विचारता सांगत.

दिवाळीच्या पाडव्याला बंजाऱ्यांच्या तांड्यात घरोघर धबकार होतो. अंगणातली चूल पेटवायची, निखारे चांगले फुलू द्यायचे, आणि घरातून गेलेल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घेऊन त्याच्या वाट्याची लापशी आणि तूप निखाऱ्यावर सोडायचं. ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर उपाशी. आड्यांच्या घरातून गेलेली माणसं आठ. नववा घास इंद्रजीतचा, म्हणजे अंजूच्या नवऱ्याचा होता. आणि इंद्रजीत तर त्या घटकेला न्हाणीत अंगावर पाणी घेत होता आणि साबण कोणी पळवला म्हणून ओरडत होता.

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. कबड्डी लीगमधला तो इंद्रजीतचा पहिला हंगाम. अमावसेच्या संध्याकाळी सगळा तांडा आपल्या प्रमुखाच्या, नायकाच्या टीव्हीपुढं बसला होता. इंद्रजीत चढाईला गेला, चौघांनी मिळून त्याला उचलला आणि तो मानेवर पडला. स्ट्रेचर आत आलं एवढं दिसलं, मग जाहिरात लागली. रात्रभर फोन लागेना. सकाळी वणीकडच्या कोणीतरी मोबाइलवर इंद्रजीतचा फोटो पाठवला, हार घातलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोणत्या उतावळ्यानं तो बनवला होता देव जाणे. पण दिवस पाडव्याचा होता, चूल पेटलेली होती, आणि पोरगं वर्षभर उपाशी राहील या एका धसक्यानं त्याच्या आईनं, सुखीबाईंनी, घटकाभरही वाट पाहिली नाही. नवऱ्यामागं पोराचं नाव घेतलं आणि घास सोडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून इंद्रजीतचाच फोन आला. याडी, मी बरा हाव, आईला म्हणाला.

आनंदानं तांड्यात गूळ वाटला गेला. रुपीबाईंनी मात्र पुढच्या पाडव्याला पुन्हा नऊ घास मांडले. एकदा दिलेलं नाव दरसाल द्यावंच लागतं, म्हणाल्या. त्या वर्षी इंद्रजीतला साधं खरचटलंही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्यानंतरच्या दहा हंगामांत बरोबरीच्या गड्यांचे गुडघे गेले, खांदे गेले, एकाचा डोळा गेला, पण याचं नखही मोडलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला निखाऱ्यावर नवऱ्याचं नाव ऐकून अंजू किंचाळली होती, तेव्हा सासूनं तिच्या तोंडावर हात दाबून कानात सांगितलं होतं, "मरण येते, पाह्यते, म्हणते हा तं आधीच नेलेला हाय. मंग वापस जाते. कळलं? आता गप्प राह्य."

बाहेरच्यांपुढं अंजू गप्प राहिली. चार वर्षं राहिली. पण त्या चार वर्षांत टीव्हीसमोर बसून तिला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं, आणि घरात सासूपाशी ती दर पाडव्याला तेच बोलून दाखवायची, नाव काढा म्हणायची. मरणाला दिसत नव्हता तसा तो माणसांनाही दिसत नव्हता.

खोटं नव्हतं ते. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाही आणला तर गडी बाद. 'डू ऑर डाय' म्हणतात तिला. मोठ्या नावाचे गडी ती चढाई टाळतात. अकरा वर्षं ती इंद्रजीतच्या माथी होती. तो जायचा, एक गुण आणायचा, खाली मान घालून रांगेत उभा राहायचा. मग मोठ्या नावाचा गडी जाऊन तीन गुण आणायचा आणि कॅमेरा त्याच्यामागं धावायचा. एका फायनलमध्ये शेवटचे चार सेकंद राहिले असताना यानं बरोबरी साधून दिली, आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत याचा नुसता कोपर आला. समालोचक त्याला इंदरजीत सिंग म्हणत, हरयाणाचा समजत. दरवर्षी त्याचा जर्सीचा नंबर बदले, कारण त्याचा नंबर नवीन आलेल्या कोणाला तरी हवा असे. आणि यंदा लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा कोणीच हात वर केला नाही. म्हणूनच अकरा वर्षांत पहिल्यांदा तो दिवाळीला घरी होता.

तेवढ्यावरच भागलं असतं तर अंजूनं रात्र जागून काढली नसती. पण काल संध्याकाळी फोन आला. एका संघाच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा गेला होता. उद्या दुपारी वणीहून गाडी पाठवतो, परवा मॅच आहे, पहिल्या नंबरचा गडी म्हणून उतरायचं, इंद्रजीतभाऊ. तो फोन ठेवून इंद्रजीत ओट्यावर कितीतरी वेळ नुसता हसत बसला होता. अंजूनं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तांडा आज निवांत होता. पोरी उजाडताच रानात फुलं आणायला गेल्या होत्या, रामलालची बायको हंसाही त्यांच्यासोबत गेली होती. त्यांची गाणी टेकडीपलीकडून यायची, मध्येच तुटायची, आणि पुन्हा लागायची तेव्हा वाटायचं की गाणाऱ्या दुसऱ्याच कोणी आहेत. वारा नव्हता. वणीच्या रस्त्याकडचा कापूस कोळशाच्या धुळीनं राखाडी झाला होता. कुत्री होती, पण चुलीजवळ एकही फिरकत नव्हतं. लापशीचा वास सुटला असताना कुत्रं लांब राहावं हे अंजूला बरं वाटलं नाही.

रामलाल आला तो चपला न काढताच आईसमोर उभा राहिला. इंद्रजीतपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. नांगरलेल्या रानात दोरीनं आखणी करून धाकट्याला पहिली चढाई यानंच शिकवली होती.

"याडी, आज त्याचं नाव घेऊ नको. पोट्टं घरी हाय. ऐकन तं काय वाटन त्याले?"

सुखीबाई निखारे सारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दरसाल सांगून राह्यलो मी, हे खूळ बंद कर. जित्त्या माणसाले कोणी घास देते? तिकडं लोक काय म्हणतीन? मी तं मानतच नाई हे."

जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सरळ बोलायची रीत नाही. अंजूनं पदर पुढं ओढला आणि रुपीबाईंकडं तोंड करून म्हणाली, "फूपी, यायले सांगा, यंदा तरी नाव राहू द्या."

रामलाल चमकला. "तिले इचार फूपी, चार साल हेच नाव काढा म्हणून कोण रडत होतं? माह्या बाजूनं हे एकच तं बोलत होती या घरात!"

"तवा तो तिसऱ्या नंबरचा होता," अंजू रुपीबाईंनाच म्हणाली. "आता पह्यला हाय. दर दोन मिनिटाले सात जनायच्या अंगावर जाईन. चौतीस वर्साचा हाय तो, फूपी. तो पडला तं मी काय करू?"

मघाशी ती रुपीबाईंना आठच ठेवा म्हणाली होती, पण नाव खरंच निघणार असं दिसताच तिला धडकी भरली होती. चार वर्षं ज्या गोष्टीचा तिला राग होता तीच आज तिला हवी होती, आणि याची तिला लाजही वाटत होती. दिसू दे त्याला जगाला असं म्हणायची, आणि दिसायची वेळ आली तर झाकून ठेवा म्हणत होती.

"मनातल्या मनात घे मंग," रामलाल आईला म्हणाला.

"मनातलं पोचत नाई," सुखीबाई पहिल्यांदा बोलल्या. "तू असं कर. त्याले घेऊन जा नायकाकडं. सत्काराचं म्हणून. मी तोवर उरकतो."

रामलालला ते पटलं. मानत नसलेल्या गोष्टीची सोय लावायला त्याला कधी वेळ लागत नसे. पण तो न्हाणीकडं वळेपर्यंत इंद्रजीत डोकं पुसत बाहेर आला होता आणि सरळ चुलीसमोर मांडी घालून बसला.

"चाल इंद्रजीत, नायक वाट पाहून राह्यले."

"पाहू दे. अकरा वर्साचा धबकार चुकला माहा. बापूले माह्या हातचा एक घास नाई गेला. आज इथंच बसतो मी." तो हसला. "आन सत्काराचं काय सांगतं भिया, चौकातलं बॅनर पाह्यलं काय तू? पोट्टेयनं फोटो कोणाचा लावला मालूम हाय? आमच्या जुन्या कप्तानाचा! खाली नाव माहं अन् वर तोंड त्याचं."

रामलालला हसावं लागलं. इंद्रजीत असाच होता. स्वतःवरच्या गोष्टी तो सगळ्यांत रंगवून सांगे, आणि ऐकणारे हसून दमले की उठून एकटाच कुठंतरी जाऊन बसे. अंजूनं तूप त्याच्या बाजूला ठेवलं. त्याची नजर पानावर गेली.

"फूपी, नऊ काहून? आपले तं आठच ना?"

"वाढवा ठेवला एक," रुपीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून खोटं इतक्या सहज निघालं की अंजू पाहतच राहिली.

सुखीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. एक वाटी पाणी चुलीभोवती फिरवलं. मग पहिला घास उचलून तुपात बुडवला.

"थावरा, घे."

निखाऱ्यावर चर्र झालं. धूर सरळ वर गेला.

"लच्छू, घे. झमकीबाई, घे."

एकेक नाव आणि एकेक घास. नावागणिक सुखीबाईंचा आवाज खाली चालला होता, म्हातारी बाई उतरणीवर जपून पाय टाकते तसा. रानातली गाणी थांबली होती. केव्हा थांबली ते अंजूला कळलं नाही. सातवं नाव झालं. आठवा घास सासऱ्यांचा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून सुखीबाई म्हणाल्या, "रामलालच्या बापा, घ्या." इंद्रजीतनं तो घास आईच्या हातातून घेऊन स्वतः सोडला आणि डोळे मिटून हात जोडले.

पानावर एक उरला.

सुखीबाईंनी तो उचलला. तुपात बुडवला. तूप बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आलं. त्यांनी रामलालकडं पाहिलं, मग अंजूकडं. अंजूला मान हलवायची होती, पण हो म्हणून हलवायची की नाही म्हणून, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

"इंद्रजीत, घे."

"हां, याडी," इंद्रजीत म्हणाला.

डोळे मिटलेले होते त्याचे. आईनं हाक मारली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं त्यानं ओ दिली, हातही पुढं केला. मग डोळे उघडले. सुखीबाईंचा हात निखाऱ्यावर तसाच अधांतरी राहिला होता.

त्या चुलीवरच्या हाकेला आजवर कोणी ओ दिली नव्हती.

"उत्तर आलं," रुपीबाई पुटपुटल्या. त्या मागं सरकल्या. या बाईला घाबरलेलं अंजूनं पहिल्यांदाच पाहिलं. "उत्तर आलं वं सुखी. आता त्याले देता येत नाई."

"काय देता येत नाई?" इंद्रजीतनं विचारलं. "माहं नाव काहून घेतलं याडी?"

मग सगळं बाहेर आलं. सुखीबाईंनीच सांगितलं, घास हातात धरूनच, थांबत थांबत. स्ट्रेचर, हार घातलेला फोटो, पहिला पाडवा, त्यानंतरचे सगळे पाडवे. इंद्रजीत ऐकत होता. रामलाल मध्येच म्हणाला, "मी तं पह्यल्यापासून नको म्हणत होतो," तर इंद्रजीतनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं अंजूकडं पाहिलं.

"तुले मालूम होतं?"

"चार साल."

"आन तू मले फोनवर हॅप्पी दिवाळी म्हणत होती."

अंजूला वाटलं आता हा ओरडेल, पान लाथाडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलायला लागला, सामन्यानंतर कोणी विचारलं असतं तर बोलला असता तसा, पण अकरा वर्षांत त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"एक डाव हैद्राबादले बस मले सोडून गेली. गडी मोजले, बारा भरले, म्हणे चला. मी बसच्या खालीच उभा होतो, दाराजवळ. मी म्हटलं होते असं. फायनलच्या रात्री हॉटेलात सगळ्यायले हार घातले, माह्यापाशी आल्यावर हार खतम झाले. म्हटलं असू दे. डॉक्टर एमआरआय पाहून म्हणे या मणक्याचा माणूस चालू शकत नाई, तुमी बदललेली फाइल आणली. मी हसलो." तो थांबला. "मले वाटे माह्यातच कमी हाय काई. रोज पाच वाजता उठून पाह्यलं, वजन कमी करून पाह्यलं. आन इथं तुमी मले जेवू घालून राह्यले, यायच्यासंगं."

"जित्ता ठेवला तुले मी!" सुखीबाई एकदम कडाडल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "मान मोडलेली होती तुही. मायले पोरगं लोकायले दिसलं नाई तरी चालते पर असलं पाह्यजे, ते तुले नाई समजणार."

"समजते, याडी. पर मले हाड मोडलं तरी चालन. एक डाव लोकायनं मले पाह्यलं पाह्यजे. नाव घेऊन पाह्यलं पाह्यजे. मंग काई होवो."

तेवढ्यात तांड्याच्या तोंडाशी हॉर्न वाजला. गाडी दीड तास आधीच आली होती. इंद्रजीत उठला. "तो घास कुत्र्याले टाका," म्हणाला आणि कपडे करायला आत गेला. जाताना त्यानं आईच्या डोक्यावरून हात फिरवला. अंजूच्या जवळून तो काही न बोलता गेला.

"चला, सुटला बिचारा," रामलाल कपाळ पुसत म्हणाला. "उत्तर आलं म्हणजे झालं ना, फूपी?"

"तो सुटला," रुपीबाई म्हणाल्या. "घास कुठी सुटला? अकरा साल नऊ घास जाऊन राह्यले तिकडं. आठ गेले तं मरण नववा शोधत येते. आन ज्याचा पत्ता त्याले मालूम हाय त्याच्याच दारी पह्यले येते."

"मंग?"

"कोणाचं तरी नाव लागन. निखारे काळे पडायच्या आधी."

सगळ्यांनी चुलीकडं पाहिलं. कडेचे निखारे विझत आले होते. सुखीबाईंनी हातातला घास पानावर ठेवला. "माहं घे, फूपी. माहं काय राह्यलं आता?"

"तुहं? या चुलीवर घास तूच देतं ना. देणाराच तिकडं गेला तं मांगच्यायले कोण देईन? तुले नाई चालत. मलेबी नाई, मी या घरातून दिलेली पोरगी."

उरला रामलाल. तो ही गोष्ट मानत नव्हता. मानत नाही असं दरवर्षी मोठ्यानं सांगत होता. ज्याला त्यात काहीच वाटत नाही त्यानं नाव द्यायला काय हरकत होती? रामलालनं आईकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, पुन्हा आईकडं पाहिलं.

"ड्रायव्हरले चहापाणी पाह्यतो मी," तो म्हणाला आणि लगबगीनं निघून गेला.

अंजूला त्याचा राग आला नाही. खरं तर त्या घटकेला तिला फार स्वच्छ वाटलं. चार वर्षं तिला दोन गोष्टी हव्या होत्या. तो जगायला हवा होता, आणि तो लोकांना दिसायला हवा होता. एकीसाठी भांडलं की दुसरी हातची जायची. आज दोन्ही एकाच पानावर होत्या. भीती वाटत होती, पण विचार करायला काही उरलं नव्हतं. तिनं घास उचलला आणि तुपात बुडवला.

"अंजू!" सुखीबाईंनी तिचं मनगट धरायला हात टाकला.

"अंजू, घे," ती मोठ्यानं म्हणाली आणि घास सोडला.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. आपल्याच तोंडून ओ जाईल की काय याचीच तिला धास्ती होती. कोणीही उत्तर दिलं नाही. घास निखाऱ्यावर पडला, पण चर्र झालं नाही, धूरही आला नाही. जागेवरच तो काळा होत होत नाहीसा झाला. रुपीबाईंनी तोंडाला पदर लावला. टेकडीपलीकडं पोरींचं गाणं पुन्हा सुरू झालं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. इंद्रजीत बॅग भरून बाहेर आला तेव्हा अंगणात गर्दी होती. गाडीचा ड्रायव्हर राजूरचा, विशीपंचविशीचा. इंद्रजीतला पाहताच तो हातातला चहा तसाच ठेवून धावला.

"आडे सर! मी तुमच्या साऱ्या मॅची पाह्यल्या. ते फायनलची शेवटची चढाई, तुमी उजव्या कोपऱ्यातून पाय काढला ना, मोबाइलात हाय माह्या. चारशे वेळा पाह्यलो असन. कप्तान नाई सर, मॅच तुमी काढली होती!"

इंद्रजीतनं ड्रायव्हरचा हात धरला तो सोडेचना. नायक आले, त्यांनी त्याला नावानं हाक मारली, फेटा बांधला. कोणीतरी चौकातलं बॅनर काढून आणलं होतं आणि चुकीचा फोटो लावल्याबद्दल पोरांना शिव्या घालत होतं. आजवर शेजारून गेला तरी ज्यांनी मान वळवली नव्हती ती माणसं त्याच्या खांद्याला हात लावायला रेटारेटी करत होती. इंद्रजीतचा चेहरा उजळून निघाला होता. अंजूनं तो चेहरा डोळे भरून पाहिला. या एका चेहऱ्यासाठी तिनं आणखी काहीही दिलं असतं.

गर्दीत हंसा रानातून परतली होती. ती फुलांची टोपली घेऊन अंजूच्या अंगावरच आली, धक्का लागला तशी थबकली, इकडंतिकडं पाहिलं आणि पुढं गेली. अंजूनं इंद्रजीतची बॅग उचलली आणि वाट काढत गाडीपाशी नेली. तिथं सुखीबाई उभ्या होत्या. त्यांनी सरळ अंजूच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचा दुसरा हात हातात घेतला.

इंद्रजीत सगळ्यांच्या पाया पडत आला. रुपीबाईंच्या, रामलालच्या, आईच्या. भावाला त्यानं मिठीही मारली. राग कुठल्या कुठं गेला होता. मग त्यानं अंजूच्या हातातून बॅग घेतली, गाडीत ठेवली, आणि गर्दीवरून पार घरापर्यंत नजर फिरवली.

"याडी, अंजू कुठी हाय?" तो म्हणाला. "रागावली काय माह्यावर? मी मघाशी तिच्याशी बरोबर नाई बोललो. तिले सांग, पोचलो का पह्यला फोन तिलेच करतो."

अंजूनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"सांगतो," सुखीबाई म्हणाल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.